गाव सोडून गेलेल्यांना काय विचाराल?

गेल्या चतुर्थीतली गोष्ट. पाचव्या दिवशी दुपारी कॉलेजातली तीन मुलं हातात छापील कागद घेऊन आमच्या पडवीत आली. सणासाठी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना त्यांच्या गावातल्या जुन्या आयुष्याबद्दल प्रश्न विचारायचे होते. मला मनापासून बरं वाटलं. चला, कोणालातरी हे सुचलं! मुलांना पाणी दिलं, लाडू दिले आणि माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, हाक मारली. आक्का ऐंशीच्या पुढे आहे. १९६१ साली लग्न होऊन ती लालबागला गेली, तेव्हापासून ती चाकरमानीच.

मग मी तो कागद वाचला आणि माझा आनंद मावळला. पहिला प्रश्न : गाव सोडण्याचे मुख्य कारण (एकाच पर्यायावर खूण करा). रोजगार, शिक्षण, विवाह, इतर. दुसरा : गावातील जीवन कसे होते? अतिशय चांगले, चांगले, साधारण, वाईट. तिसरा : गावाची आठवण येते का? होय, नाही. आणखी असेच सात-आठ. आक्काने पाच मिनिटांत उरकलं. विवाह. चांगले. होय. पडवीत तेव्हा जावा, सुना, नातवंडं, शेजारचे दोन म्हातारे असे दहा-बारा जण बसले होते. मुलांनी सही घेतली आणि पुढच्या घरी गेली.

रात्री आरती झाल्यावर स्वयंपाकघरात आक्का आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. मी सहज विचारलं, "काय गे, चांगलं होतं म्हणून सांगितलंस?" ती म्हणाली, "मगे त्या चेडवाक काय सांगू? शिमग्यानंतर घरात भात नाय होता म्हणान? सगळी बसली होती ना थंय!"

मंडळी, आजचा हा लेख रागाने लिहिला आहे हे आधीच सांगून टाकतो. राग त्या मुलांवर नाही. त्यांना जो कागद दिला तो घेऊन ती बिचारी उन्हातान्हात फिरली. राग आहे तो गाव सोडून गेलेल्या माणसांशी आपण सगळेच ज्या पद्धतीने वागतो त्यावर. एक तर त्यांना काही विचारायचंच नाही, किंवा विचारायचं तर असं, की उत्तर आधीच ठरलेलं असावं.

पहिला प्रकार आमच्या गावात नेहमीचा. देवळाच्या बैठकीत कोणी मुंबईकर जुनं काही सांगू लागला की इकडचा एखादा फटकन् म्हणतो, "तू गाव सोडून गेलेलो, तुका काय म्हायत?" दुसरा प्रकार मुंबईतल्या मंडळांच्या स्मरणिकांचा. त्यात प्रत्येक गावाला खळाळता व्हाळ असतो, प्रत्येक आजी प्रेमळ असते आणि प्रत्येक घरात फणसाचे गरे असतात. मीही अशा स्मरणिकांत दोन लेख लिहिले आहेत, तेव्हा हा दोष माझ्याही पदरी आहे. या दोन प्रकारांमध्ये खरी साक्ष मात्र तशीच राहून जाते.

आता म्हणाल, गुरुजी, म्हातारपणी हे पाहणीशास्त्र कुठून काढलंत? तर तेही सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. 'पॉलिटिक्स, वर्क अँड डेली लाइफ इन द यू.एस.एस.आर.', संपादक जेम्स मिलर, साल १९८७. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून तीन महिने लागले. पण वाचलं.

प्रकरण असं. सोव्हिएत रशियात लोक कसे जगतात, किती कमावतात, रांगेत किती वेळ उभे राहतात, हे परक्या माणसाला तिथे जाऊन घरोघर विचारता येत नव्हतं. मग अमेरिकेतल्या अभ्यासकांनी देश सोडून आलेल्यांना विचारायचं ठरवलं. पहिला मोठा प्रयत्न हार्वर्ड विद्यापीठाने १९५० च्या सुमारास केला. महायुद्धानंतर निर्वासित होऊन जर्मनीत आणि इतरत्र राहिलेल्या सोव्हिएत नागरिकांना त्यांनी प्रश्न विचारले. सत्तरच्या दशकात हजारो ज्यू कुटुंबं रशियातून इस्रायलला गेली, तेव्हा तिथल्या अभ्यासकांनी त्यांच्या तिकडच्या घरखर्चाचा आणि कमाईचा हिशेब मांडला. आणि मग १९८३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या मिलर यांच्या प्रकल्पाने, १ जानेवारी १९७९ ते ३० एप्रिल १९८२ या काळात अमेरिकेत पोचलेल्यांपैकी २,७९३ जणांच्या मुलाखती घेतल्या.

या लोकांवर आक्षेप तेच होते जे आपल्याकडे घेतले जातात. हे तर देश सोडून आलेले, हे वाईटच बोलणार. यांतले बहुतेक ज्यू, बहुतेक मोठ्या शहरांतले, हे सगळ्या देशाबद्दल कसं सांगणार? आणि माणसाला आठवतं तरी किती? अभ्यासकांनी हे आक्षेप झटकून टाकले नाहीत. आमचे निष्कर्ष अशाच प्रकारच्या शहरी लोकांपुरते समजा, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. आणि प्रश्न विचारताना एक साधी पण फार मोलाची युक्ती केली. 'तिकडे कसं होतं?' असं मोघम विचारलं नाही. देश सोडायच्या विचाराने आयुष्य ढवळून निघालं त्याच्या आधीचा जो शेवटचा सुरळीत काळ होता, तेवढ्याबद्दल विचारलं. त्या काळात नोकरी कुठली, पगार किती, घर केवढं, जिन्नस कुठून मिळायचे. काळ नक्की केला की माणूस 'आमच्या वेळी' म्हणून गोल गोल फिरत नाही.

उत्तरं काय आली असतील? देश सोडून आलेले, म्हणजे सगळं वाईटच सांगितलं असेल, असं मलाही वाटलं होतं. तसं नव्हतं. दुकानात वस्तू मिळत नाहीत ही तक्रार बहुतेकांची होती. पण तिकडच्या आपल्या नोकरीबद्दल आणि घराबद्दल समाधानी होतो, असं अर्ध्याहून जास्त लोकांनी सांगितलं. सरकारी मोफत औषधोपचार चांगला, तो राहावा, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. आणि शिकलेली तरुण पिढी म्हाताऱ्यांपेक्षा जास्त नाराज होती. पुढे पाच-सात वर्षांत त्या देशात जे झालं ते पाहिलं की या शेवटच्या उत्तराचं महत्त्व कळतं. सांगायचा मुद्दा हा, की सोडून गेलेला माणूस शत्रूसारखंच बोलतो असं नाही. नीट विचारलं तर तो बऱ्यापैकी खरं सांगतो.

आमच्या मालवणी माणसाचा रोग मात्र उलटा. तो सोडून गेल्यावर वाईट बोलतच नाही! सगळं गोड. त्याला मुंबईच्या खोलीत दहा बाय दहात दिवस काढायचे होते, तेव्हा गाव गोड असणं त्याची गरज होती, हे मला समजतं. पण प्रश्न विचारणाऱ्याने तो गोडवा तसाच कागदावर उतरवून घेतला, तर ती पाहणी कसली?

किती माणसांचा हा प्रश्न आहे ते बघा. १९११ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या कापडगिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात. आपला सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. २००१ साली या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ साली ८,४९,६५१. देशाची माणसं वाढत होती तेव्हा आमची कमी झाली. दर हजार पुरुषांमागे २००१ मध्ये १,०७९ आणि २०११ मध्ये १,०३६ स्त्रिया. पुरुष कुठे गेले हे सांगायला पंडित नको. पण जनगणना मोजते ती इथे उरलेल्यांना. गेलेली माणसं काय मागे टाकून गेली हे त्या आकड्यांत येत नाही. ते फक्त त्या माणसांना ठाऊक आहे. म्हणजे या किनाऱ्याची निम्मी साक्ष लालबाग-परळमध्ये होती आणि आता ती कल्याण, डोंबिवली, विरारला पांगली आहे.

गिरणगावाची साक्ष निदान थोडीफार नोंदली गेली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या तोंडून ऐकलेला इतिहास २००४ साली पुस्तकरूपाने आणला, 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे त्याचं नाव. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाबद्दल, त्या अडीच लाख कामगारांबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. चांगलंच झालं. पण तो मुंबईचा इतिहास. बोटीवर चढण्याच्या आदल्या वर्षी हीच माणसं काय खात होती, हा आमचा इतिहास. तो मुंबईकरांनी का लिहावा? तो आपण लिहायचा.

आता स्मरणशक्तीचा आक्षेप घेऊ. माझा पुण्याचा भाचा संख्याशास्त्रवाला आहे. तो म्हणतो, "मामा, साठ वर्षांनी आठवलेल्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत." त्याला उत्तर म्हणून मी घरातल्या घरात एक प्रयोग केला. आमचं घर तेव्हा एकत्र होतं. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, वयाने आक्काच्याच बरोबरीचा. तो गावातच राहिला, शेती केली. दोघांना वेगवेगळं बसवून मी एकच प्रश्न विचारला. आक्काच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९६० साली, घरचं भात कुठल्या महिन्यापर्यंत पुरलं?

दादा म्हणाला, "मिरगापर्यंत. आमच्या घरात भात कधी कमी पडाक नाय."

आक्का म्हणाली, "शिमग्यापर्यंत."

शिमगा मार्चात, मिरग जूनमध्ये. तीन महिन्यांचा फरक! भाचा म्हणाला, बघा, म्हटलं नव्हतं? दोघांतलं एक खोटं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी दादाचं उत्तर आक्काला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "खरा सांगता तो. तुमी पुरुष जेवल्यार आमी जेवत होतव. शिमग्यानंतर भात तुमका, आमका नाचण्याची पेज. तुमचा भात मिरगापर्यंत, आमचा शिमग्यापर्यंत."

दोघंही खरं सांगत होते. एकाच घरात, एकाच चुलीवर, दोन वेगळी वर्षं चालली होती, आणि ही गोष्ट मला पंचाहत्तरीच्या आसपास येईपर्यंत माहीत नव्हती. मी त्या घरातला मुलगा होतो, मी भात जेवत होतो. दादाला एकट्याला विचारलं असतं तर 'भाताची ददात नव्हती' अशी नोंद झाली असती. आक्काला एकटीला विचारलं असतं तर 'वर्षाचे चार महिनेच भात' अशी झाली असती. राहिलेला आणि गेलेली, दोघांना एकच प्रश्न विचारला म्हणून ते घर दिसलं. दोन साक्षींतला फरक पाहून साक्षच फेकून द्यायची नसते. फरक का पडला ते विचारायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं, प्रश्न मापाचे विचारा. गाव सोडण्याआधीचं शेवटचं पूर्ण वर्ष धरा. त्या वर्षी भात कुठवर पुरलं? कमी पडल्यावर कोणाकडून आणलं, आणि एक मण आणलं तर सुगीला किती परत केलं? पाणी कुठल्या विहिरीचं, कोण आणायचं, किती घागरी? मुंबईहून मनीऑर्डर कितीची यायची, कोणाच्या नावावर, अंगठा कोण द्यायचं आणि पैसे कोणाच्या हातात राहायचे? घरात शेवटी कोण जेवायचं? बाळंतपण कोणी केलं? शाळा कितवीत सुटली?

'जातिभेद होता का?' असं विचाराल तर दहांतले आठ जण सांगतील, आमच्या गावात तसलं काही नव्हतं. 'पाणी कुठल्या विहिरीवर भरत होता, आणि तुम्हाला स्वतः काढता येत होतं का?' असं विचारा, मग कळेल. 'खोत कसा होता?' विचाराल तर खोताचा नातू एक सांगेल, कुळाचा नातू दुसरं. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांच्या आधी पिकाचा वाटा नक्की किती जात होता, मोजायचं माप कोणाचं होतं, हे दोघांनाही विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, सातबारा आहे, फेरफार आहेत, शाळेची जनरल रजिस्टरं आहेत. त्यांच्याशी ताडून बघा. आणि कृपा करून हे चारचौघांत पडवीत बसून विचारू नका. बायकांना स्वयंपाकघरात, एकेकीला, त्यांच्या बोलीत विचारा. कागदावरचं 'आपले जीवनमान कसे होते' ऐकून आक्काच काय, मीही 'चांगले' म्हणेन.

हे सगळं दुसऱ्यांना शिकवतो आहे, पण या बाबतीत मोठा गुन्हेगार मी स्वतः आहे. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं मी शाळेत होतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. तो पस्तीस वर्षं मी भरला. कोणी मुंबईला हॉटेलात कामाला निघालेला, कोणी काकाकडे चाळीत राहायला, कोणाचा बाप बुडालेला, कोणाला धाकटी भावंडं सांभाळायची. मी काय लिहीत होतो? 'घरगुती'. एकच शब्द. शेकडो वेळा. पालक समोर उभे असायचे, विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी विचारलं नाही, कारण रकाना अर्ध्या इंचाचा होता आणि वरून कोणी खरं कारण मागतही नव्हतं. ज्या पाहणीवर मी आज चिडलो आहे तशीच पाहणी मी पस्तीस वर्षं केली. तो रकाना नीट भरला असता तर आज आमच्या पंचक्रोशीतून पोरं का गेली याचा उत्तम कागद हातात असता.

त्या रात्री मी आक्काला तिच्या शाळेबद्दलही विचारलं. ती चौथीतून निघाली एवढं मला माहीत होतं. हुशार होती, पाढे तोंडपाठ, हेही ऐकून होतो. मग सोडलीस का? ती खवलेलं खोबरं ताटात काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तुका सांभाळूक कोण होता? आवस शेतात, आजयेक दिसत नाय होता. तू दोन वर्षांचो."

सत्तर वर्षं ही गोष्ट आमच्या दोघांच्या मध्ये होती आणि मी ती कधी विचारली नव्हती. तिने शाळा सोडली म्हणून मी वाढलो, शिकलो आणि गुरुजी झालो, आणि गुरुजी होऊन तिच्यासारख्या पोरींच्या दाखल्यावर 'घरगुती' लिहीत बसलो. आक्का हे रागाने बोलली नाही. नारळ संपला तशी उठून हात धुवायला गेली.

असो.

आता एक हिशेब करा. १९८२ च्या संपात जो पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरीकडे आला आहे किंवा पुढे गेला आहे. १९५०-६० मध्ये पडावातून बोटीवर चढून मुंबईला गेलेले आक्काच्या वयाचे. दर चतुर्थीला येणाऱ्यांत त्यांची संख्या कमी होते आहे, हे तुम्हालाही दिसत असेल. २०२१ साली व्हायची जनगणना लांबवता आली. या माणसांची साक्ष मात्र लांबवता येत नाही.

म्हणून विद्यापीठाची, सरकारची, कोणाची वाट बघू नका. माझे भाचे, पुतणे, नाती आणि इथे नेहमी वाचायला येणारी मित्रमंडळी, तुम्हा सगळ्यांना ही विनंती आहे. शंभर पानी वही घ्या. घरातली एक गेलेली व्यक्ती आणि एक राहिलेली व्यक्ती निवडा. वर्ष ठरवा. वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. कोणाचं नाव कुठे छापायचं असेल तर आधी त्यांना विचारा, मी आक्काला विचारूनच हे लिहितो आहे. 'आठवण येते का' हा प्रश्न मात्र विचारू नका. येते, ते आपल्याला माहीत आहे.

मी सुरुवात केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर आक्काचं नाव, गाव, चौथी, साल १९५३ असं लिहिलं आहे, आणि त्याखाली, शाळा सोडल्याचे कारण : धाकट्या भावास सांभाळणे. तुमच्या वहीत काय निघतं ते जरूर कळवा.